सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर थांबा: मेल सर्व्हर सांभाळताना आलेला अनुभव

"वॉर्निंग येतेय ना? ॲक्सेप्ट करा, मेल येतील." पहिल्या नोकरीत एका सोमवारी सकाळी मी ऑफिसातल्या जवळजवळ सगळ्यांना फोनवर हे सांगितलं. त्याचं आजही वाईट वाटतं. त्या दिवशी मेल सुरू झाले, पण वॉर्निंग न वाचता पुढे जायचं असतं हेही लोक शिकले. मधे बसून पासवर्ड चोरणाऱ्याला एवढंच हवं असतं.

मूळ चूक साधी होती. आमचं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेचं, ९० दिवसांचं. सर्टबॉट या आपोआप नूतनीकरण करणाऱ्या प्रोग्रामने ते मुदत संपायच्या ३० दिवस आधीच नवं करून ठेवलं होतं. पण डव्हकॉटने (लोकांना मेल वाचायला देणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम) सुरू होताना वाचलेलं जुनंच सर्टिफिकेट धरून ठेवलं, कारण त्याला कुणी रीलोड केलं नव्हतं, म्हणजे फाइल पुन्हा वाचायला लावलं नव्हतं. म्हणून जुन्याची मुदत संपून त्या सोमवारी वॉर्निंग येईपर्यंत, महिनाभर काहीच कळलं नाही. सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञा) पोस्टफिक्स, म्हणजे मेलची ने-आण करणारा प्रोग्राम, आणि डव्हकॉट रीलोड करणारी ओळ पहिल्याच दिवशी घाला.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे लॅपटॉपवर चालतं, फोनवर नाही. बहुतेक वेळा सर्व्हर मधलं, म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेट (आपलं सर्टिफिकेट फोनच्या विश्वासातल्या मूळ सर्टिफिकेटशी जोडणारं) पाठवत नसतो. सर्व्हरला फुलचेनची, म्हणजे आपलं आणि मधलं दोन्ही असलेली, फाइल द्या, नुसती सर्टची नको. आणि क्लायंटमध्ये, म्हणजे मेलच्या ॲपमध्ये, सर्व्हरचं नाव सर्टिफिकेटवर आहे तेच लिहा, आयपी (आकड्यांचा पत्ता) नको.

पोर्ट, म्हणजे सर्व्हरची क्रमांक दिलेली दारं, लक्षात ठेवायला फार नाहीत. मेल वाचायला आयमॅप ९९३, पाठवायला ४६५. पाठवायचंच दुसरं पोर्ट ५८७, त्यावर स्टार्टटीएलएस (साधं जोडून मग एन्क्रिप्शन सुरू करणं) सक्तीचं ठेवा. एन्क्रिप्शन सुरू होण्याआधी पासवर्ड स्वीकारायचाच नाही, हे सर्व्हरलाच सांगून ठेवा, वापरणाऱ्यांवर सोडू नका. टीएलएस, म्हणजे हे एन्क्रिप्शन करणारी पद्धत, हिच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या बंद करा. २०२१ पासून त्या अधिकृतपणे बाद आहेत.

पोर्ट २५ मात्र वेगळं. तिथे दुसरे सर्व्हर तुम्हाला मेल देतात, आणि सगळ्यांकडे टीएलएस असेलच असं नाही. उत्साहात तिथेही सक्ती केलीत तर बाहेरून येणारे काही मेल अडतील. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी 'मे' ही पातळी आहे: जमलं तर एन्क्रिप्ट, नाहीतर तसंच.

सगळं झालं की ऑफिसच्या नेटवर्कमधून नाही, बाहेरून तपासा. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने (टीएलएस जोडणी तपासायची कमांड) ९९३, ४६५ आणि ५८७ ला वेगवेगळं जोडून पाहा (५८७ ला स्टार्टटीएलएसचा पर्याय द्यावा लागतो). शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड ०, म्हणजे सर्टिफिकेट ठीक, आला पाहिजे. मी अजूनही प्रत्येक नूतनीकरणानंतर हे हाताने करते, आणि सर्टिफिकेटची तारीख वाचूनच स्क्रीनवरची खिडकी बंद करते.