विरंगुळा केंद्रात जुन्या खून खटल्यावर व्याख्यान कसे द्यावे

प्रथम खटला निवडावा. ज्या गुन्ह्यात बळी पडलेल्यांचे जवळचे नातलग हयात आहेत, तो घेऊ नये, कारण त्या कुटुंबाचे परिचित श्रोत्यांतच बसलेले असू शकतात. मला या कामासाठी १९२५ सालचे बावला खून प्रकरण सर्वांत योग्य वाटते. त्याला शंभर वर्षे उलटली आहेत, तरी मलबार हिल, उच्च न्यायालय आणि इंदूरचे होळकर संस्थान ही नावे श्रोत्यांच्या ओळखीची आहेत.

त्यानंतर टिपणे काढावीत. त्या काळची वृत्तपत्रे मोठ्या ग्रंथालयांत मिळू शकतात. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून डाव्या बाजूला न्यायालयात सिद्ध झालेल्या गोष्टी आणि उजव्या बाजूला लोकांत बोलल्या गेलेल्या गोष्टी लिहाव्यात. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांची मोटार अडवून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, सोबतच्या मुमताज बेगमला ओढून नेण्याचा प्रयत्न झाला, तिच्या चेहऱ्यावर वार झाले आणि गोल्फ खेळून परतणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून तिला वाचवले, हे सारे डावीकडे येते. नऊ जणांवर खटला चालून तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, हेही तिथेच लिहावे. मुमताज ज्यांच्या दरबारातून निघून आली होती, ते इंदूरचे महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्याबद्दल मात्र फार जपून बोलावे. त्यांच्यावर खटला चालला नाही. चौकशी आयोग किंवा पदत्याग असा पर्याय सरकारने समोर ठेवल्यावर त्यांनी १९२६ मध्ये गादी सोडली. ‘महाराजांनीच खून करवला’ असे ठामपणे सांगण्याचा मोह होतो, पण ते वाक्य उजव्या बाजूचे आहे आणि श्रोत्यांना तसे स्पष्ट सांगायला हवे.

कथनाची सुरुवात मुमताजपासून करावी, असा माझा आग्रह आहे. बहुतेक जण ‘राजाची नर्तकी’ एवढ्यावर तिची बोळवण करतात. वास्तविक इंदूरचे बंधन तोडून निघालेली आणि पुढे भर न्यायालयात साक्ष देणारी ती स्त्री होती. तिच्या जखमांचे रसभरित वर्णन करू नये. त्याऐवजी मलबार हिलचा मोठा नकाशा लावून कोणती गाडी कुठून आली ते दाखवावे. बचाव पक्षाच्या वकिलांत मोहम्मद अली जिना होते, हा तपशील हमखास कुतूहल जागवतो, म्हणून तो उत्तरार्धासाठी राखून ठेवावा.

व्याख्यान पाऊण तासाच्या आत संपवावे. ध्वनिक्षेपक आधी तपासून घ्यावा, कमी ऐकू येणाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवावे आणि वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड राहील असे पाहावे, कारण अनेकांना ओठांच्या हालचालींचा आधार लागतो. विषयाची कल्पना फलकावर आधीच द्यावी, म्हणजे हिंसेच्या उल्लेखाने ज्यांना त्रास होतो त्यांना ठरवता येईल.

चहानंतर प्रश्नोत्तरे घ्यावीत. ‘आमचे वडील सांगायचे’ अशी सुरुवात करून कोणी आठवण सांगू लागले, तर मध्येच दुरुस्ती न करता ती पूर्ण ऐकावी, त्यांच्या परवानगीने वहीच्या उजव्या बाजूला लिहून घ्यावी आणि घरात त्या काळचे एखादे कात्रण जपलेले असल्यास पुढच्या भेटीत आणण्याची विनंती करावी.