फूटपट्टी घेऊन वाचा रणगाड्यांची लढाई

‘मूठभर पायदळाने रणगाडे रोखले’ असे वाक्य दिसले की मी आलेखाचा कागद काढतो. वाक्य खोटे असते असे नाही, पण त्यात लढाई कुठेच नसते.

एका सेंटीमीटरला 100 मीटर असे प्रमाण धरा. म्हणजे नेहमीची फूटपट्टी झाली 3 किलोमीटर. 1973 च्या इस्रायल-इजिप्त युद्धात, सिनाईच्या वाळवंटात, इजिप्तच्या पायदळाकडे असलेल्या माल्युत्का या सोव्हिएत रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा पल्ला नेमका तेवढाच. आरपीजी-7, म्हणजे खांद्यावरून रॉकेट डागायचे हत्यार, घेतलेल्याला मात्र चालत्या रणगाड्यावर नेम धरायला जेमतेम 3 सेंटीमीटर मिळतात. तोवर त्याने दबून राहायचे, आणि रणगाड्याची तोफ त्याला केव्हाही गाठू शकते. पराक्रमाची वर्णने वाचताना हे मधले 27 सेंटीमीटर विसरू नका.

आता पट्टीला घड्याळ जोडा. माल्युत्काला 3 किलोमीटर जायला सुमारे 25 सेकंद लागतात. तेवढा वेळ सैनिक दुर्बिणीला डोळा लावून, हातातल्या दांडीने, तारेवरून ते वळवत असतो. ताशी 30 किलोमीटरने धावणारा रणगाडा तेवढ्यात 200 मीटर सरकतो. कागदावर ते दोनच सेंटीमीटर, पण एखाद्या उंचवट्याआड जायला पुरे. इस्रायली रणगाडेवाल्यांनी उपाय काढला तो इथेच: धूर सोडायचा, हालत राहायचे आणि जिथून क्षेपणास्त्र उडाले तिथे गोळीबार करायचा, म्हणजे त्या माणसाचा हात चळतो. डागल्यावर स्वतःच लक्ष्याकडे जाणाऱ्या जॅव्हलिन या नंतरच्या अमेरिकी क्षेपणास्त्राच्या बाबतीत हे गणित चालत नाही. तो डागणारा लगेच जागा सोडू शकतो.

जमीन सपाट समजू नका. माझी पहिली चूक तीच. चेचन्याची राजधानी ग्रोझनी, रशियन सैन्याचा हल्ला, 31 डिसेंबर 1994: रस्ते आखले, रशियन रांगा आखल्या आणि काहीच उलगडले नाही. इमारतींचा उभा छेद काढला तेव्हा कळले. चेचेन टोळ्या तळघरांतून आणि वरच्या मजल्यांवरून मारत होत्या, आणि रणगाड्याची तोफ तेवढी खाली किंवा वर वळतच नाही. विमानविरोधी तोफांच्या गाड्या रशियनांनी रस्त्यांत आणल्या त्या यासाठीच. त्यांच्या नळ्या जवळजवळ उभ्या होतात.

यानंतर एकच प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: रणगाड्यांचे स्वतःचे पायदळ कुठे होते? ते वेगळ्या रंगाने दाखवा. 8 ऑक्टोबर 1973 च्या इस्रायली प्रतिहल्ल्यात तो रंग जवळजवळ दिसतच नाही. तोफखान्याचा आधारही तुटपुंजा. ग्रोझनीत पायदळ होते, पण बरेचसे चिलखती गाड्यांत बसलेले. गाडीत बसलेल्या शिपायाला रंग देऊ नका.

राजस्थानच्या सीमेवरचे लोंगेवाला ठाणे आखताना घड्याळ पुन्हा लागेल. 4-5 डिसेंबर 1971 च्या रात्री भारतीय पायदळाची एक कंपनी, म्हणजे छोटी तुकडी, आणि समोर पाकिस्तानी रणगाड्यांची रांग. ठाण्याभोवतीच्या काटेरी तारेमुळे पुढे सुरुंग असतील असा हल्लेखोरांचा समज झाला. ते थबकले, रात्र सरली. उजाडताच भारतीय हवाई दलाची हंटर विमाने आली. रात्री ती काही करू शकली नसती. कंपनीचे काम म्हणून ‘इतके रणगाडे फोडले’ असे लिहू नका, ‘सकाळपर्यंतचे तास मिळवले’ असे लिहा. यात तिचा मान कमी होत नाही.

इतके झाले की ‘रणगाड्यांचा जमाना संपला’ असे म्हणावेसे वाटेल. तेव्हा सिनाईचाच कागद पुन्हा घ्या आणि त्यावर 14 ऑक्टोबर काढा. त्या दिवशी इजिप्तचे रणगाडे आपली तटबंदी आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे छत्र सोडून पुढे आले. समोर दबा धरून बसलेले इस्रायली रणगाडे होते आणि त्यांच्या जोडीला पायदळाची रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे. इजिप्तचे 200 हून अधिक रणगाडे गेले.