साभार परत आलेली मरीमाय : दैवतकथा मासिकाला पाठवताना या चुका टाळा

माझा पहिला लेख साभार परत आला, तेव्हा सोबत संपादकांची एका ओळीची चिठ्ठी होती : 'मरीआईची माहिती मिळाली. तुमच्या गावची मरीमाय कुठे आहे?'

लेख 8 पानांचा होता. त्यात सप्तमातृका होत्या, शीतलादेवी होती, कॉलऱ्याच्या साथी होत्या आणि एका जाडजूड कोशातून जवळजवळ जशीच्या तशी उतरवलेली अडीच पानं होती. आमच्या नाल्याकाठी कडुनिंबाखाली शेंदूर फासलेले तीन गोटे आहेत, ते मात्र कुठेच नव्हते. कुंभाराच्या बैलगाडीत बसून आलेली म्हातारीही नव्हती. नाला जवळ आला तशी ती म्हणाली, "आता उतरव बाप्पा," आणि कुंभारानं मागं वळून पाहिलं तर गाडी रिकामी. ही गोष्ट मी लिहिली नव्हती, कारण ती सगळ्यांनाच माहीत आहे असं मला वाटत होतं. सगळ्यांना म्हणजे आमच्या गावातल्या दीड-दोनशे घरांना!

पुढे एका वार्षिक अंकासाठी आलेलं लेखन वाचून निवडायचं काम माझ्याकडे आलं. अंक लोकदैवतं, पुराणकथा आणि पंथ-संप्रदायांवरचा. अमरावती, यवतमाळ, भंडाऱ्याकडून लेख येतात आणि बहुतेकांत मला माझी तीच 8 पानं दिसतात. भाषा चांगली, अक्षर चांगलं, अभ्यासही केलेला. फक्त गाव नाही.

बहिरमच्या यात्रेवरचा एक लेख आठवतो. सुरुवात 'भारत हा सणांचा देश आहे', मग भैरवाची शास्त्रोक्त रूपं, मग काशीचा कालभैरव. डिसेंबरातली थंडी, मातीच्या हंडीतलं मटण, रोडग्यांचा धूर, हे शेवटच्या चार ओळींत. लेखक परतवाड्याच्या बाजूचाच, लहानपणापासून यात्रेला जाणारा. त्याला फोन करून एवढंच सांगितलं, की शेवटच्या चार ओळी वर घ्या आणि तिथून लिहायला लागा. त्यानं लिहिलं आणि छापलं.

सांगणारं माणूस कुठे गेलं?

सगळ्यात जास्त लेख अडतात ते इथे. 'असे म्हणतात', 'अशी आख्यायिका आहे', 'जुने जाणते सांगतात'. कोण म्हणतं? कोणत्या गावात, कोणत्या निमित्तानं? दैवतकथा कुणाच्या तरी तोंडून आलेली असते आणि तोंड बदललं की कथा बदलते. पुजाऱ्याच्या गोष्टीत देवी स्वप्नात येते, तर गुराख्याच्या गोष्टीत गाय दगडावर पान्हा सोडते. शहाणा लेखक या दोन्ही गोष्टींचा काला करून तिसरी, गुळगुळीत गोष्ट पाठवतो आणि ती नेमकी कुणीच सांगितलेली नसते.

या बाबतीत आपल्याला बाहेर गुरू शोधायला नको. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आठवणी, गोळा केल्या, त्या ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन आणि स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन. पुढे मूळ पोथी हातची गेली, आठवणीतून पुन्हा सिद्ध झाली. तेव्हा एखादी लीळा कुणाला वेगळी आठवत असेल, तर तो पाठ 'वासना' म्हणून नोंदलेला सापडतो. सातशे वर्षांपूर्वी, कागद-शाईची मारामार असताना, हा म्हणतो असं आणि तो म्हणतो तसं, हे दोन्ही लिहून ठेवायची अक्कल लोकांना होती. आपल्या हातात तर रेकॉर्डर असलेला मोबाइल आहे.

गोष्ट ऐकली की त्याच रात्री वहीत टाचण करा. माझं एक असं आहे : 'सांगणारी – चुलत आजी, वय 80 च्या आसपास. आखाडीचा दुसरा मंगळवार. आंगणात, दहीभाताचा निवद देऊन आल्यावर. ऐकलं कुणाकडून – तिच्या सासूकडून. मध्येच थांबली, पुढचं रात्री सांगत नसतात म्हणाली.' यातली शेवटची ओळ मी लेखात घातली नसती तर लेख निम्म्यानं मेला असता. काय सांगितलं याइतकंच काय सांगितलं नाही, हेही लिहा.

आणि नाव छापायच्या आधी विचारा. "आजी, हे पुस्तकात येईल, तुमचं नाव टाकू का?" एवढं पुरतं. काही जणी नको म्हणतात. मग 'गावातली एक म्हातारी' लिहा.

दुसऱ्याचा देव आपल्या देव्हाऱ्यात

महानुभाव पंथावरच्या एका लेखासोबत तीन मुखांच्या दत्ताचं चित्र आलं होतं. महानुभावांचा दत्तात्रेय एकमुखी. तो पंचकृष्णांपैकी, म्हणजे पंथाच्या पाच अवतारांपैकी, एक. ब्रह्मा-विष्णू-महेशाची त्रिमूर्ती तिथे नाही. ज्या पंथावर लिहिता त्या पंथाच्या माणसाला लेख छापण्याआधी एकदा वाचून दाखवला, तर असली चूक पाच मिनिटांत सापडते.

आदिवासी दैवतांच्या बाबतीत हा घोळ फार होतो. 'गोंडांचा बडादेव म्हणजेच शंकर' असं एका वाक्यात लिहून लेखक मोकळा होतो. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघी पौर्णिमेला जा. गुहेत कोंडलेल्या लेकरांना गोंडांच्या आदिगुरूनं, पारी कुपार लिंगोनं, सोडवल्याची कथा तिथे ऐकायला मिळेल. तिच्यात जंगो रायताड ही देवी आहे, हिरासुका पाटालीर हा गाणारा आणि त्याची किंगरी हे तंतुवाद्य आहे. ही गोष्ट शिवपुराणाची पुरवणी नाही, ती स्वतःच्या पायावर उभी आहे. गोंडांच्या वंशावळी आणि देवकथा गाऊन जपल्या त्या परधान या गाणाऱ्या जमातीनं. तेव्हा 'संशोधन : अमुक तमुक' अशी आपली सही ठोकण्याआधी गाणाऱ्याचं नाव कुठे आलंय ते बघा. मेळघाटात कोरकू होळीच्या दिवसांत मेघनादाला पुजतात. त्याला 'राक्षसपूजा' लिहिणारा लेख मी स्वतः परत पाठवला आहे, आणि चिठ्ठी जरा कडकच लिहिली होती.

गोष्टीला सनावळी चिकटवणं

'हे मंदिर 5000 वर्षांपूर्वीचे आहे.' कशावरून? उत्तर नसेल तर वाक्य काढा, लेखाचं काही बिघडत नाही. लोणारला विष्णूनं लवणासुराला मारलं, ही तिथल्या दैत्यसूदन मंदिराची कथा. लोणारचं सरोवर उल्का आदळून झालेल्या विवरात आहे, ही भूशास्त्राची गोष्ट. दोन्ही लिहा, पण 'लवणासुर म्हणजे ती उल्काच' असला चमत्कारिक सांधा जोडू नका. कौंडिण्यपूर रुक्मिणीचं माहेर, आणि अमरावतीची अंबादेवी म्हणजे तिथून कृष्णानं तिला नेलं ते देऊळ, असं आपल्याकडे सांगतात. 'सांगतात' हा शब्द ठेवला की पुरे. त्यानं श्रद्धेला धक्का लागत नाही.

'अमुक भगताच्या अंगाऱ्यानं मोठमोठे आजार बरे होतात' हे मात्र लोक सांगतात म्हणूनही आम्ही छापत नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशा गोष्टींच्या प्रचारालाही लागू होतो, आणि अंकावर नाव संपादकाचं असतं.

पोथ्या-ग्रंथांतले उतारे बेतानं घ्या. तुकडोजी महाराज 1968 ला गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो, म्हणजे ग्रामगीतेचा अख्खा अध्याय परवानगीशिवाय लेखात घालता येत नाही. मुद्द्यापुरत्या दोन ओव्या चालतात. हल्ली चॅटजीपीटीला विचारून 'स्कंदपुराणात उल्लेख आहे' असं लिहिलेलेही लेख येतात. अध्याय विचारला की फोन कट.

बोली सुधारू नका

निवेदन प्रमाण मराठीत आणि सांगणारीचं बोलणं वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत, हे उत्तम चालतं. फक्त एका पानावर 'डोया' आणि पुढच्या पानावर 'डोळा' नको. बोलून टाइप करत असाल तर नीट वाचून बघा. तो मोबाइल शहाणा असतो, 'पोया'चा 'पोळा' करून ठेवतो. माझ्या 'मरीमाय'चं त्यानं 'मेरी माय' केलं होतं. 'वऱ्हाड' लिहिताना साधा 'र' जोडला की रफार चढून 'वर्हाड' होतं. त्यासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर आहे, कळफलकावर 'र' दाबून धरला की बहुधा सापडतं. लेखाच्या शेवटी पाच-दहा बोलीशब्दांचे अर्थ द्या.

फाइल उघडत नाही, फोटो फुटतो

तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर टाइप करून घेता ना? तिथला पोरगा अजून कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतो. तुम्हाला त्याच्या पडद्यावर छान मराठी दिसते, संपादकाकडे रोमन अक्षरांचा आणि कंसांचा भाजीपाला पोचतो. आधीच सांगा : "भाऊ, युनिकोडमध्ये कर, अन् वर्डची फाइल दे." पीडीएफ सोबत जोडा, पण एकटी पीडीएफ पाठवू नका, त्यात दुरुस्ती करता येत नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवले की आकसतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा मेलनं. जीमेलवर 25 एमबीच्या वर जोडणी जात नाही. ड्राइव्हची लिंक देणार असाल तर ती सगळ्यांसाठी उघडी करा. 'परवानगी मागा' असा पडदा बघून मी कितीदा फाइल बाजूला ठेवली आहे. मेळघाटात धारणीकडे रेंजची बोंब असते, तिथून आधी मजकूर पाठवा आणि फोटो परतवाड्याला याल तेव्हा. कुलदैवताच्या ठाण्याचा फोटो काढू देत नसतील तर तो चोरून काढलेला आम्हाला नको.

शब्दमर्यादा 1500 असेल तर 1500. 6000 शब्द पाठवून 'योग्य तिथे कापावे' म्हणू नका. कात्री संपादकाच्या हाती गेली की नेमकी आजीच कापली जाते.

उत्तरच येत नाही

आधी स्पॅम बघा. पोच आली नसेल तर आठवड्यानं एक ओळ लिहून विचारा. निर्णयाला दोन-तीन महिने लागतात, छोट्या अंकांत सगळे जण नोकरी-शेती सांभाळून हे काम करतात. रोज 'नमस्कार सर'चा मेसेज आला म्हणून लेख वर सरकत नाही. दिवाळी अंकासाठी पाठवायचं असेल तर पेरण्या आटपल्या की पाठवा. पोळा फुटल्यावर आलेला लेख बहुधा पुढच्या वर्षावर जातो. एकच लेख तीन ठिकाणी टाकू नका. थांबून कंटाळलात तर 'लेख मागे घेत आहे' असं कळवा आणि मग दुसरीकडे द्या. मानधन आहे की नुसता अंक, हे आधी विचारायला लाजू नका.

छापून आल्यावर चूक सापडली तर संपादकांना पत्र लिहा. माझी मरीमाय दुसऱ्या खेपेला, नव्यानं लिहिल्यावर छापून आली. अंक घेऊन आजीकडे गेलो, पूर्ण वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. बैलगाडीपाशी आलो तशी म्हणाली, "कुंभार नोता बाप्पा थो, तेली होता. कुंभाराची गोठ वरच्या आयीतले (आळीतले) सांगतात." पुढच्या अंकात 'पत्रव्यवहार'मध्ये तिच्या नावासकट तेवढ्याच तीन ओळी आल्या.