लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये डीबगिंगची सोय करताना या चुका टाळा

ज्या लॅपटॉपची तक्रार येते, तो लॅपटॉप बहुतेक वेळा ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडे नसतोच. समोरचा कळवतो, "ब्राइटनेसची की दाबली तर काहीच होत नाही," आणि आपल्या हाती लागतो फक्त त्याचा कर्नल लॉग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने लिहिलेल्या नोंदी. लिनक्समध्ये डीबगिंगची सोय करायची ती या लांबच्या माणसासाठी. माझ्या मते बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे जागोजागी पेरलेले प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारं कर्नलचं फंक्शन). डब्ल्यूएमआयचे, म्हणजे फर्मवेअरशी बोलायच्या दुव्याचे, इव्हेंट सारखे येत राहतात, लॉगचा बफर गोल फिरतो आणि बूटच्या वेळच्या कामाच्या ओळी पुसल्या जातात. त्याऐवजी डेव्ह-डीबग हे डीबगच्या ओळी छापणारं मॅक्रो वापरा. कर्नलमध्ये डायनॅमिक डीबग असेल तर या ओळी एरवी गप्प राहतात आणि गरज पडेल तेव्हा, पुन्हा कंपाइल न करता, त्या मॉड्यूलपुरत्या चालू करता येतात. अनोळखी की कोड मात्र लपवू नका. तो आकडा साध्या माहितीच्या पातळीवर छापा. कीमॅपमध्ये, म्हणजे कोणता कोड कोणत्या कीचा या तक्त्यात, नवी ओळ घालायला नेमका तोच लागतो.

या ओळी चालू करायची कमांड समोरच्याला देताना जपा. 'सुडो एको' लिहून पुढे डायनॅमिक डीबगच्या कंट्रोल फाइलकडे बाण (>) दिला तर 'परमिशन डिनाइड' येतं, कारण फाइल उघडतो तो त्याचा साधा, रूटचे हक्क नसलेला शेल. 'सुडो टी' सांगा, म्हणजे फाइल रूटच्या हक्काने उघडते. कर्नल ५.४ पासून (२०१९) असलेलं लॉकडाउन (रूटलाही कर्नलमध्ये ढवळाढवळ करू न देणारी सोय) चालू असेल तर डीबगएफएसमधली (डीबगिंगसाठीची कर्नलची फाइलसिस्टम) लिहायची फाइल उघडतच नाही. तिथे प्रोकमधली (/proc) डायनॅमिक डीबगची कंट्रोल फाइल द्या.

सर्वांत छळणारी चूक वेगळीच आहे. डेव्ह-डीबगच्या कंसातच हार्डवेअर वाचणारं फंक्शन बोलावलेलं असतं. ओळ बंद असताना ते फंक्शन चालतच नाही. हार्डवेअरमधली काही रजिस्टर (माहितीचे छोटे कप्पे) नुसती वाचली तरी त्यांची स्थिती बदलते, त्यामुळे डीबग चालू केलं की बिघाड गायब आणि बंद केलं की पुन्हा हजर! किंमत आधी व्हेरिएबलमध्ये घ्या, मग छापा.

डीबगची फाइल सिसएफएसमध्ये (/sys) ठेवू नका. तिथली फाइल म्हणजे यूजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना, दिलेला शब्द असतो. एकदा कुणाची स्क्रिप्ट त्यावर विसंबली की फाइल काढणं अवघड. जागा डीबगएफएसची. आयडियापॅडच्या ड्रायव्हरची कॉन्फिग आणि स्टेटस दाखवणाऱ्या फाइली तिथेच आहेत.

तिथेही सांभाळा. असूसच्या डब्ल्यूएमआय ड्रायव्हरमध्ये डिव्हाइसचा आयडी आणि पॅरामीटर दोन फाइलींत लिहायचे. मग 'डेव्ह्ज' ही फाइल नुसती वाचली की तो आकडा फर्मवेअरला जातो. म्हणजे रूट होऊन सगळ्या डीबगएफएसवर ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) फिरवणारा माणूस नकळत हार्डवेअरला हुकूम सोडतो. नवी फाइल करताना वाचण्याने फक्त वाचणं होऊ द्या. आणि मॉड्यूल काढताना डिरेक्टरीही काढा, नाहीतर मागे राहिलेली फाइल कुणी उघडली की कर्नल ऊप्स (गंभीर चुकीचा अहवाल) देऊ शकतो.