सडपातळ, धावपळ करणाऱ्या कुत्र्याच्या आहारात स्निग्धांश वाढवताना

भरपूर पळणारा कुत्रा पोटभर खाऊनही हडकुळाच राहत असेल, तर आधी जंत, दातांचे दुखणे किंवा पचनाचा विकार नाही ना, याची पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी. आजारामुळे घटलेले वजन तेल घालून भरून येत नाही. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे प्रथिने किंवा कर्बोदकांच्या दुपटीहून अधिक, त्यामुळे घासाचा आकार न वाढवता ऊर्जा वाढवता येते. सार्डिन किंवा सॅमन माशाचे तेल यासाठी उत्तम, कारण त्यातून ओमेगा-३ मेदाम्लेही मिळतात. कॉड माशाच्या यकृताचे तेल मात्र जपून वापरावे, त्यातील अ आणि ड जीवनसत्त्वांचा अतिरेक घातक ठरतो. सुरुवात पाव चमच्याने करावी आणि शौच घट्ट राहत असेल तरच आठवड्याभराने थोडे वाढवावे. तळणीचे उरलेले तेल किंवा मांसावरची चरबी देणे हे लाड नव्हेत, कारण एकदम जास्त स्निग्धांश गेल्यास स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि मिनिएचर श्नाउझरसारख्या जातींत हा धोका अधिक असतो. वारंवार उलटी होऊ लागल्यास किंवा कुत्रा पोट आखडून बसल्यास तेल थांबवून त्वरित पशुवैद्यकाला दाखवावे.