दिव्यांग मुलांच्या पालकांना शिकवताना साहित्य कोणत्या रूपात द्यावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी जी शिबिरे होतात, त्यांत दोन तास भाषण होते आणि शेवटी हातात एक छापील पत्रक दिले जाते. ते पत्रक घरी जाऊन रेशन कार्डाच्या पिशवीत पडून राहते. त्यातली माहिती बहुधा बरोबर असते. अडचण अशी की मुलाचे रोजचे जेवण, अंघोळ आणि शाळेची वाट ज्या माणसाच्या हाती असते, त्याला ती माहिती त्या रूपात घेता येत नाही. मुलाला भरवणारी आजी शाळेत गेलेली नसते, वडील दृष्टिहीन असू शकतात, आई कर्णबधिर असू शकते, आणि घरात मराठी असताना कागद कन्नडमध्ये आलेला असतो. दिव्यांगत्वाविषयी शिकवणारे साहित्यच जर दिव्यांग पालकाला वापरता येत नसेल, तर शिबिराला तसा फारसा अर्थ उरत नाही. असे साहित्य तयार करणाऱ्या शिक्षकांसाठी, अंगणवाडी सेविकांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी हे लिहीत आहे.

याला कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत आणि ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच ब्रेल, मोठी अक्षरे, सांकेतिक भाषा, ध्वनी, सोपी भाषा आणि वाचून दाखवणारा माणूस यांचा समावेश केला आहे. म्हणून कोणी सोप्या भाषेतील किंवा आवाजातील साहित्य मागितले, तर ती सवलत समजू नये.

आधी विचारावे, मग लिहावे

निमंत्रण देतानाच प्रत्येक घरी एक प्रश्न विचारावा: घरात मुलाचे सगळे कोण बघते, आणि त्या माणसाला ऐकून, बघून, वाचून की हाताने करून जास्त समजते? हा प्रश्न फोनवर किंवा दारात उभे राहून विचारावा, छापील अर्जावर नको. ‘तुम्हाला काय अपंगत्व आहे’ असे विचारल्यास लोक गप्प होतात. ‘कसे सांगितलेले बरे पडते’ असे विचारल्यास मोकळेपणाने बोलतात. मोबाइल कोणाकडे आहे आणि तो दिवसा घरात असतो की शेतावर जातो, हेही विचारून घ्यावे. खानापूरकडे भाताच्या रोपलावणीच्या दिवसांत आणि निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडीच्या हंगामात शिबिर ठेवले, तर नेमकी सांभाळणारी माणसेच येत नाहीत.

लिखित मजकूर: मोबाइलला वाचता येईल असा

माझ्या पहिल्या पत्रकाची गोष्ट येथे सांगणे भाग आहे. छापखान्यातून आलेली पीडीएफ मी तशीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. खानापूर तालुक्यातील एका दृष्टिहीन वडिलांनी फोन करून सांगितले, “बाई, फोन वाचतोय, खरं एकबी शब्द कळंना ओ.” मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर फोनला ओळखता येईल अशा पद्धतीत, नव्हता. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची केवळ चित्रे बसवलेली असतात. डोळ्यांना मराठी दिसते, पण फोनमधील वाचक आतली इंग्रजी अक्षरे उच्चारत जातो. तो माणूस आपल्या मुलीसाठी ते पत्रक दोनदा ऐकत बसला होता, हे कळल्यावर मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी एकही मजकूर तपासल्याशिवाय पाठवलेला नाही.

तपासणी सोपी आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधील सुलभता विभागात टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय, असते. ते सुरू करण्याआधी बंद कसे करायचे, हे नीट पाहून ठेवावे, कारण सुरू झाल्यावर एकदा स्पर्श केला की फोन फक्त वाचतो, आणि उघडण्यासाठी दोनदा टिचकी मारावी लागते. आवाजाची भाषा मराठी निवडावी आणि डोळे मिटून आपलाच मजकूर ऐकावा. संगणकावर एनव्हीडीए हा वाचक विनामूल्य मिळतो आणि त्यातही मराठी आहे. कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ यांपैकी कोणालाच नीट वाचता येत नाही. म्हणून मूळ मजकूर टाइप केलेलाच पाठवावा. चित्र जोडले असेल, तर ते काय दाखवते हे त्याखाली एका वाक्यात लिहावे.

कमी दिसणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांची प्रत काढताना 18 पॉइंटपेक्षा लहान अक्षर नसावे. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत पुरेसे अंतर ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला चिकटतो. चकचकीत कागद टाळावा. फिकट पिवळसर, मॅट कागदावर ठळक काळी अक्षरे उत्तम.

आवाज: दोन मिनिटांत एकच गोष्ट

आमच्या भागात सर्वांत जास्त कामाला येणारे रूप हेच आहे, म्हणून त्यासाठी थोडा अधिक वेळ द्यावा. एका ध्वनिफितीत एकच काम सांगावे, सुरुवातीला भागाचा क्रमांक आणि विषय सांगावा, मागे संगीत लावू नये, आणि बोलणे घरातले असावे. ‘आसनस्थ स्थितीत’ असे कोणी बोलत नाही, ‘बसवून’ म्हणावे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे, असलेल्या मुलाला भरवण्याविषयीची आमची फीत अशी आहे:

“भाग पहिला. बाळाला भरवताना कसे बसवायचे. आडवे झोपवून भरवू नका. पाठ भिंतीला किंवा तुमच्या अंगाला टेकवून सरळ बसवा. डोके मागे पडू देऊ नका. हनुवटी किंचित खाली असू दे. चमचा वरून नको, समोरून, तोंडाच्या उंचीवर आणा. घास लहान घ्या. गिळून झाल्याचे बघा, मगच दुसरा द्या. खोकला लागला किंवा घशात घरघर वाजू लागली, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.”

कारणही जरूर सांगावे: डोके मागे कलले की घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. कारण कळलेली आजी वेगळ्या प्रसंगीही बरोबर निर्णय घेते, नुसता आदेश ऐकलेली घेत नाही.

चित्रे आणि प्रत्यक्ष हाताने करणे

चित्रपत्रकात एका चित्रासोबत एकच लहान वाक्य असावे. चित्रातले घर आपल्या गावातले असावे. टबमध्ये अंघोळ करणाऱ्या बाळाचे चित्र पाहून हे आपल्यासाठी नाही, असेच वाटते. आमच्या चित्रात न्हाणीघर आहे, दगडाला टेकवून ठेवलेला पाट आहे, आणि मुलाच्या बाजूंना जुन्या लुगड्याच्या गुंडाळ्या लावल्या आहेत. छापण्याआधी चित्र दोघा-तिघांना दाखवून ‘यात काय चाललंय?’ एवढेच विचारावे. आमच्या चित्रातला दिशादर्शक बाण एका वहिनींना पाण्याची धार वाटला होता. बाण काढून तिथे हात काढला.

प्रत्यक्ष शिबिरात बाहुली, खरा चमचा, खरी चादर हवीच. एकदा करून दाखवल्यावर ‘समजलं का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘होय’ असेच येते. ‘आता तुम्ही मला करून दाखवा’ म्हणावे. चूक झाली, तर ती शिकवण्यातली चूक समजून पुन्हा वेगळ्या रीतीने दाखवावे.

कर्णबधिर आणि दृष्टिहीन पालकांसाठी

कर्णबधिर पालक भारतीय सांकेतिक भाषा जाणत असतील, असे गृहीत धरू नये. शाळेत न गेलेली अनेक माणसे घरातल्या घरात तयार झालेल्या खुणांनी बोलतात. अशा वेळी त्या खुणा जाणणारी बहीण किंवा मुलगी सोबत बोलवावी, आणि तरीही बोलताना त्या पालकाकडेच पाहावे. ज्यांना सांकेतिक भाषा येते, त्यांच्यासाठी दुभाषी आणावा. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोशही ऑनलाइन उपलब्ध आहे. बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, चेहरा अंधारात जातो. व्हिडिओखाली आपोआप उमटणारा मराठी मजकूर शब्दागणिक तपासून दुरुस्त करावा. ‘देऊ नका’मधला ‘नका’ गळाला, तर सल्ला उलटा होतो.

ब्रेलविषयी सीमाभागाला उपयोगी पडणारी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल पद्धतीत, या भाषांतील समान उच्चाराच्या अक्षरांना साधारणपणे तेच ठिपके दिलेले आहेत. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ दोन्ही पहिल्या आणि तिसऱ्या ठिपक्याने लिहितात. डोळस मुलाला येथे दोन लिप्या शिकाव्या लागतात, ब्रेल वाचणाऱ्या मुलाच्या बोटांना मात्र पुष्कळसे आधीच ओळखीचे असते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे सांगितले, की ‘याला दोन भाषा झेपणार नाहीत’ हा समज बराच सैल होतो. आकृती दाखवायची असल्यास पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवावी; नदीसाठी सुतळी, डोंगरासाठी हरभरे, एवढ्यावर नकाशा होतो.

दृष्टिहीन किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करता येईल का, अशी शंका शिक्षक घेतात. कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने, नफ्याचा हेतू नसल्यास, अशी प्रत करण्यास मुभा दिली आहे. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात अशी तयार पुस्तके मिळतात. नवे काम हाती घेण्याआधी तेथे शोधावे.

दोन भाषांचा प्रश्न

कोल्हापूर-पुण्याकडे तयार झालेले मराठी साहित्य चांगले असते, पण ते तसेच वाटू नये. मुलाला कसे बसवावे, कसे बोलते करावे, हा भाग सगळीकडे सारखाच. 2016 चा कायदा आणि दिव्यांगांचे युडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारे ओळखपत्र, हेही दोन्ही राज्यांत तेच आहे. कार्यालये आणि राज्याच्या योजना मात्र वेगळ्या आहेत. तिकडची जिल्हा परिषद येथे जिल्हा पंचायत आहे, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या जागी येथे बीईओ आहेत, शाळा व्यवस्थापन समितीला येथे एसडीएमसी म्हणतात. महाराष्ट्राच्या निवृत्तिवेतनाचा व्हिडिओ पाहून एखादी आई तालुक्याच्या गावी हेलपाटा घालते आणि रिकाम्या हाताने परतते, तेव्हा तिचा एक दिवसाचा पगार बुडालेला असतो.

म्हणून पत्रकाच्या शेवटी कचेरीत लागणारे कन्नड शब्द देवनागरीत द्यावेत: दिव्यांगांसाठी ‘विकलचेतन’, अर्जासाठी ‘अर्जी’, ओळखपत्रासाठी ‘गुरुतिन चीटी’. हे शब्द ध्वनिफितीतही उच्चारून ठेवावेत, म्हणजे खिडकीपाशी उभी राहिलेली आई ते म्हणू शकते. त्याच पानाची कन्नड प्रत अंगणवाडी सेविकेला आणि गावातील पुनर्वसन कार्यकर्त्याला द्यावी, म्हणजे घर आणि अंगणवाडी एकच गोष्ट सांगतील. घरात मराठी आणि शाळेत कन्नड असल्यामुळे मूल उशिरा बोलते, असे पालकांना कोणी सांगितले असेल, तर ती समजूत दूर करावी. दोन भाषा कानी पडल्याने बोलण्याचा विकार होत नाही, आणि आईने तिला सहज येणाऱ्या भाषेतच मुलाशी भरपूर बोलत राहावे.

महिन्याने पुन्हा जाणे

शिबिरानंतर महिनाभराने, जेवणाच्या किंवा अंघोळीच्या वेळी घरी जावे आणि काही न विचारता पाहत बसावे. कोणते रूप वापरले गेले आणि कोणते पडून राहिले, ते तेथे दिसते. एका घरी आमचे रंगीत चित्रपत्रक पिठाच्या डब्याखाली होते, पण ध्वनिफीत मात्र रोज लागत होती. आजीने त्यात आपली एक भर सुचवली, की मऊ भात गार झाला की घट्ट होतो, तेव्हा मधूनमधून गरम आमटी घालून सारखा करावा. त्या फितीचा दुसरा भाग आता त्यांच्याच आवाजात आहे.