जुनी गाडी थंडीत सुरू होत नाही? पार्ट विकत घेण्याआधी या चुका टाळा

डिसेंबर लागला, पारा दहाच्या आसपास उतरला की नागपुरातल्या गॅरेजवाल्यांचे फोन सकाळी सातपासूनच वाजायला लागतात. "भाऊ, गाडी सेल्फच नाही घेऊन राहिली." तीच गाडी दुपारी उन्हात एका चावीत सुरू होते, मालक निश्चिंत होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग कोणी म्हणतं बॅटरी बदला, कोणी म्हणतं प्लग टाका, कोणी गाडीतल्या पेट्रोल पंपावर येतो. खिसा रिकामा होतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

सगळा दोष थंडीवर टाकणं

29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत घसरला होता. पण असे दिवस क्वचितच. एरवी आपली थंडी आठ-बारा अंशांची, आणि तेवढ्या थंडीत धडधाकट गाडी बंद पडत नाही. बॅटरीची खरी वाट मे महिन्यात लागते. 45 अंशांच्या उन्हात बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा गंजत जातात. तेव्हा ऑइल पातळ असतं, इंजिन सहज फिरतं, म्हणून अशक्त बॅटरीसुद्धा काम भागवते. हिवाळ्यात ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकदही थोडी घटते आणि उन्हाळ्यात झालेलं नुकसान उघडं पडतं. त्यामुळे पहिला प्रश्न हा विचारा की गेल्या उन्हाळ्यात गाडी उघड्यावर उभी होती का, आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी पाहिलं होतं.

आवाज न ऐकता निदान करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. "सुरू होत नाही" या एका वाक्यात वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात आणि त्या कानाने ओळखता येतात. चावी फिरवल्यावर नुसतं "टक्" झालं, किंवा टक-टक-टक होऊन डॅशबोर्डचे दिवे मंदावले, किंवा इंजिन रडतखडत फिरलं, तर दोष करंटच्या बाजूला आहे: बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग (करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी), सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर). इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. तिथे पेट्रोल किंवा स्पार्क कमी पडतोय. आणि सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर चोक (गार इंजिनात हवा कमी करणारी पाकळी), आयडलिंग (गाडी उभी असतानाची इंजिनची गती) किंवा टेम्परेचर सेन्सर तपासा.

करंटच्या बाजूचा संशय असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. गाडी फिरवून आणल्यावर लगेच मोजलं तर आकडा उगाच चांगला दिसतो. मग घरातल्या कोणालातरी चावी मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. सेल्फ फिरताना व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी एकदा पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही खाली गेलं तर ती संपली. दहाच्या वर टिकलं आणि तरी इंजिन जड फिरत असेल तर नवीन बॅटरी टाकून काहीच फरक पडणार नाही.

अशा वेळी अर्थिंग बघा. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि लाल टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की करंट परतीच्या वाटेत अडतोय. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी विणलेली अर्थ पट्टी हमखास हिरवी पडलेली असते. बोटाने दाबली तर तारेचा भुगा हातात येतो. किमतीला किरकोळ वस्तू, पण तिच्यापायी कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या आहेत.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. व्हॅसलीन लावायचं ते टर्मिनल घट्ट केल्यावर, वरून.

चावी धरून ठेवणं

सलग दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट तरी जाऊ द्या. नाहीतर सेल्फ मोटर तापते, प्लग पेट्रोलने भिजतात. पेट्रोलचा वास येत असेल तर बहुतेक एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास इंजेक्टर बंद राहतात आणि सिलिंडर कोरडे होतात. कार्बुरेटरच्या गाडीत चोक आत ढकलून हेच करा.

कार्बुरेटर, एमपीएफआय आणि डिझेल यांना एकच औषध देणं

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर किंवा जुनी मारुती 800 असेल तर एअर फिल्टरचं झाकण काढून चोकची पाकळी डोळ्यांनी पाहा. कित्येकदा नॉब बाहेर येतो, पण केबल सैल झाल्यामुळे पाकळी बंदच होत नाही. पद्मिनीचा पॉइंट सेट (स्पार्कसाठी करंट जोडणारा-तोडणारा भाग) जळका दिसत असेल तर तोही बघून घ्या.

एमपीएफआय गाडीत चोकचं काम कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या सांगण्यावर होतं. गार इंजिन गरम आहे असं त्याने सांगितलं तर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी सोडतो. स्कॅनर लावून सकाळी वाचन घ्या. ते बाहेरच्या हवेइतकंच यायला हवं. बाहेर दहा अंश असताना सत्तर दिसले तर दोष सापडला. इथे पेट्रोलचाही विचार करा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलला वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे गार इंजिन थोडं जास्त कुरकुरतं. जुन्या रबरी नळ्या चिरल्या आहेत का, तेही पाहा.

डिझेलमध्ये हीटर प्लग, म्हणजे सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे प्लग, बघा. डॅशबोर्डचा पिवळा दिवा विझला म्हणजे प्लग तापले असं नाही, तो फक्त टायमर असतो. प्रत्येक प्लग मीटरने मोजा. चांगला प्लग एक-दोन ओमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. सगळेच मेलेले दिसले तर आधी त्यांना करंट देणारा रिले तपासा.

गाडीचं नाव सांगून पार्ट मागणं

घाट रोड असो की कॉटन मार्केट, दुकानात जाऊन "झेनचा सेन्सर द्या" म्हटलं की घोळ होतो. एकाच नावाखाली वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिनं आली. जुना पार्ट काढून हातात घेऊन जा, त्यावरचा नंबर आणि गाडीचा चेसिस नंबर सोबत ठेवा.

गाडी जुनी असेल तर नावापेक्षा इंजिनची भावकी कामाला येते. मारुती 800 आणि ओम्नी यांचं 796 सीसीचं इंजिन एकाच घराण्याचं. फियाटचं 1.3 डिझेल इंजिन स्विफ्टमध्येही होतं, इंडिका व्हिस्टामध्येही आणि लिनियामध्येही. म्हणजे कंपनीने विक्री बंद केली तरी पार्ट दुसऱ्या नावाने मिळू शकतो. मात्र सॉकेट आणि बसवायची पट्टी दुकानातच जुन्याशी जुळवून पाहा, कारण बहुतेक दुकानदार इलेक्ट्रिकचा पार्ट परत घेत नाहीत.

सेकंड हॅण्डबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कार्बुरेटरची बॉडी, प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या डेल्कोची बॉडी, सेल्फची बॉडी जुनी चालेल. सेन्सर, हीटर प्लग, पेट्रोल पंप आणि रबराची कुठलीही वस्तू जुनी घेऊ नका. सेल्फ मोटर तर आधी उघडून बघायला सांगा. बऱ्याचदा कार्बन ब्रश आणि बुश बदलले की ती पुन्हा वर्षानुवर्षं चालते, आणि हे काम मन लावून करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन नागपुरात अजून आहेत. त्यांच्याकडे जा.

बॅटरी घेताना अ‍ॅम्पिअर तास (बॅटरीची क्षमता), टर्मिनलची बाजू आणि बनवल्याची तारीख तिन्ही तपासा. दुकानात उन्हाळा काढलेली बॅटरी स्वस्तात मिळाली तरी नको.

एका वेळी एकच पार्ट बदला आणि गाडी रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी बघा. दुपारी सुरू झाली याला काही अर्थ नाही. जुना पार्ट दोन-चार थंड सकाळी जाईपर्यंत डिकीत राहू द्या.